पिल्लं ठेवली का?

मध विकत घेताना आपल्यातला शास्त्रज्ञ अचानक जागा होतो. एक जण काडेपेटीची काडी मधात बुडवून ओढून पाहतो. दुसरा ग्लासभर पाण्यात थेंब सोडतो आणि तो सरळ तळाशी गेला की मान डोलावतो. तिसरा अंगठ्याच्या नखावर थेंब ठेवून तो पसरतो का ते बघतो. आणि खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही, हे सांगणारा एक तरी असतोच. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, डबा घेऊन आलेला माणूस हे सगळे प्रयोग शांतपणे पाहत बसतो. त्याला प्रश्न एकच येतो: "असली हाय का?" त्याचं उत्तरही एकच: "जंगलातलं हाय." मग बाटली मोजली जाते, पैसे दिले जातात, व्यवहार संपतो.

माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा आहे. मध असली आहे का, हे बाजारात उभं राहून कळत नाही. तो कसा काढला, हे मात्र विचारता येतं, आणि त्या उत्तरावर पुढच्या वर्षी त्या झाडावर मोहोळ असेल की नाही हे बरंचसं ठरतं.

आधी त्या परीक्षांचा निकाल लावू. साखरेचा घट्ट पाकही पाण्यात तळाशीच जातो. काडी पेटणं न पेटणं हे ती किती ओली झाली यावर असतं, मधाच्या कुळावर नाही. कुत्र्याबद्दल काय बोलावं! उलट गंमत अशी की आग्या या जंगली माशीच्या मोहोळातल्या मधात मुळातच पाणी जास्त असतं. पेटीतल्या पिकलेल्या मधात ते सतरा-अठरा टक्के असलं तर आग्याच्या मधात वीस ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जातं. त्यामुळे तो पातळ असतो, नखावर पसरतो, पाण्यात लवकर विरघळतो. म्हणजे या घरगुती परीक्षेत जंगलातला मध नापास होतो आणि कारखान्यातला पाक पहिल्या वर्गात पास होतो. मध थिजून दाणेदार झाला की 'साखर घातली' म्हणून ओरड करणाऱ्यांचीही हीच गत. मधात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज अशा दोन साखरा मुख्य. ग्लुकोजचं प्रमाण जास्त असलेल्या फुलांचा मध लवकर थिजतो. कपाशीचा, मोहरीचा, सूर्यफुलाचा मध तर पाहता पाहता लोण्यासारखा होतो. तो खराब झालेला नसतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा सैल होतो.

बरं, प्रयोगशाळेला तरी सगळं कळतं का? डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने देशातल्या नामांकित कंपन्यांच्या मधाची तपासणी जाहीर केली. तपासलेल्या २२ नमुन्यांपैकी सगळ्या चाचण्यांत उतरले फक्त पाच. १३ ब्रँडपैकी १० ब्रँड जर्मनीतल्या प्रयोगशाळेत झालेल्या एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) चाचणीत नापास झाले. यातले बरेच नमुने भारतातल्या नेहमीच्या चाचण्या बिनबोभाट पार करून आले होते, कारण त्या चाचण्या चुकवतील असेच साखरेचे पाक खास बनवले जात होते. कंपन्यांनी अर्थात आरोप नाकारले. पण जे पकडायला परदेशातलं महागडं यंत्र लागलं, ते आपण काडेपेटीने पकडू म्हणतो. तेव्हा दुकानातली चकचकीत बाटली ही खात्री नव्हे. डब्यातला मधही आपोआप खात्रीचा नव्हे. पण डब्यामागे एक माणूस बसलेला असतो आणि त्याला विचारता येतं, एवढा फरक मात्र आहे.

आता त्या माणसाच्या मधाकडे येऊ. मारेगाव तालुक्याच्या उत्तरेला वर्धा नदी, बाकी बाजूंना वणी, झरी-जामणी, पांढरकवडा, राळेगाव. काळ्या मातीत कपाशी, सोयाबीन, तूर. टेकड्यांच्या बाजूला सागाचं, पळसाचं, मोहाचं विरळ जंगल आणि त्याच्या कडेला कोलामांचे पोड. मे महिन्यात इथलं ऊन पंचेचाळीस अंशांना टेकतं. अशा मुलखात 'स्थानिक मध' म्हणजे महाबळेश्वरसारखा पेट्यांचा मध नाही. इथला मध मुख्यतः आग्याचा.

आपल्याकडे मध करणाऱ्या माश्या चार-पाच प्रकारच्या. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं बांधणारी फुलोरी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत एकापुढे एक पोळी लावणारी सातेरी, जी पेटीत राहायला तयार होते. चिमुकली, न डसणारी कोती माशी, जिचा मध चमचाभरच मिळतो पण औषधाच्या नावाने महाग जातो. परदेशातून आणलेली मेलिफेरा, जी ट्रकमध्ये पेट्या घालून फुलं असतील तिकडे फिरवली जाते. आणि पाचवी आग्या. ही कोणाच्या पेटीत राहत नाही. उंच झाडाच्या आडव्या फांदीखाली, कड्याच्या पोटाशी, पाण्याच्या टाकीखाली ती एकच मोठं पोळं उघड्यावर टांगते. ते कधी कधी चार-पाच फूट रुंद भरतं. त्यावर हजारो माश्यांचं जिवंत पांघरूण असतं. गांधीलमाशी जवळ आली की हे पांघरूण लाटेसारखं लवलवतं, दुरून बघताना अंगावर काटा येतो. चांदणं चांगलं असेल तर आग्या रात्रीही फुलांवर जाते. बाकीच्या माश्यांना हे जमत नाही. आणि ती एका जागी बारा महिने राहत नाही. फुलोरा संपला, ऊन-पावसाचे दिवस बदलले की अख्खं मोहोळ उठून दूर निघून जातं. पुढच्या हंगामात पुष्कळदा त्याच झाडावर परत येतं. जाणकार माणसाला आपल्या रानातली अशी 'मोहोळाची झाडं' पाठ असतात.

मध तयार होतो कसा, तेही थोडक्यात. फुलातल्या मकरंदात पाणीच पाणी असतं, साखर थोडी. माशी तो पोटातल्या मधाच्या पिशवीत भरून आणते, एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात असा तो फिरतो, त्यांच्या लाळेतल्या विकरांनी उसाच्या साखरेसारखी साखर फुटून साध्या साखरा होतात. मग पंखांच्या वाऱ्याने माश्या पाणी उडवतात आणि मध पिकला की घराला मेणाचं झाकण लावतात. असं म्हणतात की एका कामकरी माशीच्या आख्ख्या आयुष्याची कमाई चहाच्या चमच्याचा बारावा भाग. चपातीवर आपण जो चमचा ओततो त्यात डझनभर आयुष्यं असतात.

आता खरी गोष्ट. आग्याच्या पोळ्यात सगळीकडे मध नसतो. फांदीला चिकटलेल्या वरच्या भागात, एका टोकाला, पोळं जाड झालेलं असतं. मध तिथे साठवलेला असतो. खालचा मोठा, पातळ भाग म्हणजे अंडी, अळ्या आणि कोषातली पिल्लं, शिवाय त्यांच्यासाठी भरून ठेवलेले पराग. जुनी पद्धत अशी की काळोखी रात्र निवडायची, ओल्या-सुक्या गवताचा पलिता करून धूर आणि ठिणग्या द्यायच्या, खाली पडणाऱ्या ठिणग्यांमागे माश्या जातात, त्या अवधीत पोळं मुळापासून कापून खाली घ्यायचं. मग मध, मेण, पराग, पिल्लं सगळं एकत्र हाताने पिळायचं. हजारो माश्या होरपळतात, नवी पिढी पिळून निघते. वरचा माणूस दोरावर किंवा बांबूच्या खुंट्यांवर अंधारात चढलेला असतो, त्याचाही जीव टांगणीला. आणि एवढं करून हाती येणारा मध गढूळ, आंबूस, लवकर फेसाळणारा. कारण त्यात पिल्लांच्या अंगातलं पाणी मिसळलेलं असतं.

हे काम करणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याच्या बाजूने बघा. मोहोळ कोणाच्या मालकीचं नाही. आज त्याने अर्धं ठेवलं तर उद्या दुसरा येऊन उरलेलं नेईल. व्यापारी घेतो तो वजनावर आणि पिळलेल्या मधाचं वजन जास्त भरतं. गिऱ्हाईक विचारतं ते एवढंच की असली आहे का. त्याने पिल्लं कशासाठी ठेवावीत? कोणीच त्याला त्याचे पैसे देत नाही.

वर्ध्याचे डॉ. गोपाळ पालीवाल यांनी विदर्भातल्या मध काढणाऱ्यांना नेमकी इथेच दुसरी वाट दाखवली. अंगभर पोशाख आणि तोंडावर जाळी घालायची, आग न लावता नुसता थंड धूर द्यायचा, पोळ्याचा मधाचाच भाग कापून घ्यायचा आणि पिल्लांचा भाग फांदीला तसाच राहू द्यायचा. तो मध पिळायचा नाही, काप देऊन स्वच्छ भांड्यावर निथळू द्यायचा. यात मोठं यंत्र लागत नाही. माश्या पिल्लांना सोडून जात नाहीत, त्यामुळे मोहोळ तिथेच राहतं आणि फुलोरा असला तर कापलेला भाग त्याच हंगामात पुन्हा भरतात. म्हणजे एकाच झाडावरून दुसऱ्यांदा मध मिळतो, तोही गाळायला सोपा आणि जास्त टिकणारा. दिवसाउजेडी काम करता येतं, हा चढणाऱ्याच्या बायको-पोरांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा.

हे वर्ध्यात घडावं यात नवल नाही. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला तो वर्ध्याच्या मगनवाडीत आणि तेलघाणी, हातकागद यांच्याबरोबर मधमाशीपालन हाही त्याच्या उद्योगांपैकी एक होता. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ च्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या पुस्तकात माणसाच्या अर्थव्यवहाराच्या पायऱ्या लावताना प्राण्यांची उदाहरणं दिली. स्वतःपुरतं न बघता सगळ्या समूहासाठी साठवण करणारी म्हणून मधमाशी त्यांनी वरच्या पायरीवर बसवली. लुटीची पायरी बरीच खाली आहे. पोळं पिळणारे आणि पिळलेला मध स्वस्तात मागणारे आपण कोणत्या पायरीवर बसतो, ते ज्याने त्याने बघावं.

इथे कोणी म्हणेल, मग पेट्याच का नाही लावत? महाराष्ट्रात पेटीच्या मधाचं उदाहरण डोळ्यापुढे आहे. महाबळेश्वरला १९४६ पासून मधाचं सरकारी काम चालतं. आता ते महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध संचालनालयाकडे आहे आणि मंडळाचा मध 'मधुबन' नावाने विकला जातो. त्याच तालुक्यातलं मांघर मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, पाठोपाठ कोल्हापूरच्या भुदरगड तालुक्यातलं पाटगाव. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मंडळाच्या मध केंद्र योजनेत निम्मं अनुदान आणि निम्मी स्वतःची गुंतवणूक अशी सोय आहे, प्रशिक्षणही मिळतं.

पण मांघरचं हवामान आणि मारेगावचं हवामान एक नव्हे. तिकडे जांभूळ, हिरडा, गेळा आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी. थंड हवा, झाडीची सावली. इकडे मे महिन्यात पेटीतलं मेण मऊ पडावं असं ऊन आणि भर पावसात फुलांची तूट. सातेरी अशा वेळी पेटी सोडून सरळ निघून जाते. दाट सावली, जवळ पाणी, पेटीवर ओलं बारदान एवढं केलं तर जमतं, नाही असं नाही. करंज, कडुनिंब, जांभूळ, चारोळी, बोर, पुढे तीळ, तूर, जवस अशी फुलांची साखळी बांधाबांधावर असेल तर पाच-पंचवीस पेट्यांचा जोडधंदा होऊ शकतो. मात्र पेटीतला मध म्हणजे निर्मळच असा भ्रम नको. फुलं नसताना माश्यांना साखरेचा पाक पाजावा लागतो, त्यात गैर काही नाही. तोच पाक पोळ्यात साठला आणि मध म्हणून काढला, तर तो पाकच. झाकण न लागलेला कच्चा मध घाईने काढणंही तसंच. म्हणून पेटीवाल्याला विचारायचं: पाक कधी पाजला होता, आणि झाकण लागल्यावर काढला का?

मारेगावच्या माशीचं सगळ्यात मोठं संकट मात्र पलिताही नाही आणि ऊनही नाही. ते पाठीवरच्या पंपात आहे. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत कपाशी फुलते आणि नेमका तोच काळ फवारणीचा. कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा पांढरट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. म्हणजे माशीला मिळते ती एकच सकाळ. शिवाय कपाशीच्या पानाच्या मागच्या शिरेवरही मकरंदाची एक बारीक ग्रंथी असते, माशी तिथेही येते. सकाळी दहाला मारलेलं कीटकनाशक तिच्या तोंडातच जातं. मोनोक्रोटोफॉस, इमिडाक्लोप्रिड यांसारखी औषधं मधमाशीला फार घातक आहेत. माणसालाही ती सोडत नाहीत, हे यवतमाळ जिल्ह्याला निराळं सांगायला नको. २०१७ च्या हंगामात फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यातले वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ज्या फवाऱ्यात माणूस उभा राहू शकला नाही त्यात माशीची काय कथा!

आणि माशी गेली तर फक्त मध जात नाही. भोपळा, दोडका, कारलं, काकडी, टरबूज यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. किडा-माशीने पराग नेला नाही तर फळ धरत नाही किंवा वाकडंतिकडं धरतं. सूर्यफुलाचे दाणे पोचट राहतात, कांद्याचं बियाणं घटतं. कपाशीला माशीवाचून बोंड धरता येतं, पण माश्या असल्या तर बोंडं चांगली भरतात. फवारणी टळत नसेल तर ती निदान संध्याकाळी, माश्या परतल्यावर करावी. याला पैसा लागत नाही. शेजारी कोणी पेट्या ठेवल्या असतील तर आदल्या दिवशी हाक मारून सांगावं, तो पेटीचं दार बंद करून घेईल.

आता पिशवी घेऊन बाजारात जाऊ. पहिलं, मध मापाने घेऊ नका, वजनाने घ्या. मध पाण्यापेक्षा जड असतो. लिटरच्या बाटलीत साधारण एक किलो चारशे ग्रॅम मध मावतो. मध विकायला निघतो तो बहुतेक दारूच्या रिकाम्या बाटल्यांतून. तर १८० मिलीच्या बाटलीत पाव किलो आणि ७५० मिलीच्या बाटलीत किलोहून थोडा जास्त मध येतो. 'बाटली' आणि 'किलो' यांच्या घोळात कधी गिऱ्हाईक फसतं, पण जास्त वेळा पोडावरचा माणूस फसतो, कारण व्यापारी त्याच्याकडून लिटर घेतो आणि पुढे किलोने विकतो. लिटरभर भरलेली बाटली एक किलो तीनशेच्या पार खाली भरली तर पाणी फार आहे, एवढं तराजू सांगतो. पाक आहे का, ते तो सांगत नाही.

दुसरं, वास घ्या. आंबूस वास आणि वर फेस असेल तर मध पिळलेला किंवा कच्चा आहे. तिसरं, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या रानात काढला ते विचारा. ज्याने स्वतः काढला त्याला झाडसुद्धा सांगता येतं, ज्याने कुठूनतरी डबा आणला तो घुटमळतो. आणि मग तो खरा प्रश्न विचारा: पिल्लं ठेवली का? ठेवली म्हणत असेल तर किलोमागे चार पैसे जास्त द्या आणि कशाचे दिले तेही बोलून दाखवा. घासाघीस करायचीच तर पिळलेल्या मधावर करा.

जंगलातून मध आणला म्हणून कोणी त्या माणसाला दटावत असेल, तर हेही माहीत असू द्या की २००६ च्या वनहक्क कायद्याने मध आणि मेण ही गौण वनोपजं ठरवली आहेत. ती गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क त्या जंगलावर जगणाऱ्या आदिवासींना आणि परंपरेने तिथे राहणाऱ्या लोकांना आहे. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तिथल्या ग्रामसभेला 'पिल्लांचा भाग कोणी कापायचा नाही' असा नियम करता येतो. मोहोळ बेवारस राहिलं नाही की 'मी ठेवलं तर दुसरा नेईल' ही भीतीही उरत नाही.

घरी आणल्यावर मध काचेच्या बरणीत, सावलीत ठेवा. आपल्याकडच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवलेला मध काळपट पडतो आणि त्याची प्रत उतरते. आग्याचा मध ओला असतो, तेव्हा तो वर्षानुवर्षं जपण्यापेक्षा हंगामातल्या हंगामात संपवावा. गावचा मध खाल्ल्याने गावच्या परागांची ॲलर्जी जाते, असं हल्ली ऐकू येतं. त्याला पुरावा मिळालेला नाही. मधुमेह असलेल्यांनी लक्षात ठेवावं की तो कितीही असली असला तरी ऐंशी टक्के साखरच आहे. आणि बाळाला मध चाटवायची रीत कितीही जुनी असो, एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध अजिबात देऊ नये. मधात कधी कधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात, मोठ्या माणसाला ते पचतात, तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष करतात.

मारेगाव-वणीच्या बाजूला तुमच्या ओळखीत मध काढणारा कोणी असेल तर यंदा मध बाजारात यायची वाट बघू नका. होळीच्या आधी, मोह फुलायच्या आत, त्याला गाठून सांगून ठेवा: दोन किलो माझे, वरचाच भाग काप, पिल्लं राहू दे, भाव तू सांग. जमलं तर थोडे पैसे आगाऊ द्या.